कडी लावून पाहणाऱ्या बाई

बाईंना मार्गदर्शकांच्या यादीतून काढलं तेव्हा पत्रात कारण लिहिलं होतं, 'वयोमानानुसार'. त्या शब्दाची मला अजून चीड येते. ज्या आठवड्यात ते पत्र निघालं त्याच आठवड्यात बाई ऑटोवाल्याशी भांडण झालं म्हणून हुडकेश्वरच्या आपल्या घरून आमच्या शाळेपर्यंत भर उन्हात पायी आल्या होत्या, आणि आल्या आल्या दोन मजले चढून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावल्या होत्या. वय कुणाचं झालं होतं म्हणायचं? खरं कारण लिहायची त्या पत्रावर सही करणाऱ्याची छाती नव्हती, एवढंच.

आधी हे मार्गदर्शक प्रकरण काय होतं ते सांगते. आपल्याकडे मुख्याध्यापक होतो तो सेवाज्येष्ठतेनं. काल फळ्यापाशी उभा असलेला माणूस आज खुर्चीत जाऊन बसतो, आणि त्या खुर्चीचं काम त्याला कुणी कधी शिकवलेलं नसतं. म्हणून एका संस्थेनं आणि सरकारी कार्यालयानं मिळून ठरवलं की पुढे मुख्याध्यापक होणाऱ्या शिक्षकांना वर्षभर एकेका निवृत्त, नाणावलेल्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली द्यायचं. कल्पना चांगली होती. मी आजही तसंच म्हणते. सोळा वर्षं गणित शिकवून माझा नंबर जवळ आला होता, म्हणून मलाही नेमलं, आणि माझ्या वाट्याला बाई आल्या.

पहिली भेट नागपुरात, सदरमधल्या एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये झाली. सगळ्यांच्या छातीवर 'उद्याचे शाळानेते' असे बिल्ले लावले होते. बाईंनी आपला काढून पर्समध्ये टाकला. बुटक्या, काळ्यासावळ्या, सुती लुगडं, त्याखाली पांढरे खेळाचे बूट, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. गांधीबागेच्या मागच्या एका शाळेत त्यांनी बारा वर्षं मुख्याध्यापकी केली होती. मी नमस्कार केला. त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही.

"तुह्या शाळेत पोरीयचा संडास कुठं हाय?"

"इमारतीच्या मागे, बाई."

"आतून कडी लागते का?"

"लागत असेल."

"असेल म्हणजे तुले मालूम नाही. किती वर्सं झाले वं तुले त्या शाळेत?"

"नऊ."

"नऊ वर्सं!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. मला वाटलं, कुठल्या चक्रम बाईच्या पदरी टाकलं आपल्याला.

चक्रम तर त्या होत्याच. पुढच्या सोमवारी शाळेत आल्या तेव्हा आमच्या प्रभारी मुख्याध्यापकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, चहा आणि कोथिंबिरीची गरम सांबारवडी मागवून ठेवली होती. बाई ऑफिसवरून सरळ पुढे गेल्या, मागच्या संडासात शिरल्या आणि दार लावून घेतलं. आतून नुसती खडखड ऐकू येत राहिली. बाहेर आल्या त्या तणतणतच. पिशवीतून पेचकस काढला, एक नवीकोरी कडी काढली, चार स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. "धरून ठेव." सर धावत आले. शिपायाला सांगतो, उद्या करून घेतो, असं काहीबाही म्हणू लागले. बाई स्क्रू पिळता पिळता म्हणाल्या, "साहेब, कडी लागल्याबिगर मी कोणत्याच शाळेत चहा घेत नाही. थंडा झाला तरी चालन."

अशा कड्या त्यांच्या पिशवीत कायम दोन-चार असायच्या. कितीतरी दिवसांनी मी कारण विचारलं. त्यांचे वडील गांधीबागेत कापडाच्या गाठी वाहायचे आणि मुलगी शिकलीच पाहिजे यासाठी घरात सगळ्यांशी भांडायचे. मुलगी शाळेत जायची, पण तिथं संडासाला दार होतं, कडी नव्हती. "सातवीपासून दहावीपर्यंत मी शाळेत पाण्याचा घोट घेतला नाही," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यातबी नाही. माह्या बापानं गाठी उचलल्या, अन् मास्तरायच्यानं एक कडी लावणं झालं नाही." एवढंच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत.

'लीडर' या शब्दाचा त्यांना भयंकर राग. "लीडर चौकात उभे रायतात, बॅनरवर. तू हेडमास्तरीण होऊन राहिली. तुले दारात उभं रायचं हाय." आणि खरंच त्यांनी मला महिनाभर रोज सकाळी फाटकाशी उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावानं हाक मारायची. नाव आलं नाही तर त्यालाच विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी चुकायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी निम्म्याहून जास्त चुकले.

प्रत्येक भेटीनंतर मोबाईलवर एक लांबलचक फॉर्म भरावा लागे, वर दोघींचा एकत्र फोटो. बाई फोटो काढू देत नसत. "आपण कामाले आलो का लग्नाले?" फॉर्ममध्ये 'आजच्या सत्रात काय साध्य झाले' असा एक रकाना होता. तिथं त्या मला एकच वाक्य लिहायला लावत. एकदा लिहिलं, 'आज भांडण झाले. चांगले झाले.' त्यावर कार्यालयातून समज देणारा मेसेज आला, की नोंदी उद्दिष्टांनुसार असाव्यात. आम्ही काय करतो हे बघायला मार्चपर्यंत त्या कार्यालयातलं कुणी एकदाही आलं नाही. फॉर्म रिकामा दिसला की मात्र तासाभरात फोन!

बाईंनी मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी एकच दिवस सांगते. त्यांनी मला सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं. प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत. "वही नको, पेन नको, मोबाईल नको. नुसती बस."

पहिल्या तासातच कळलं की तिथून फळ्याचा डावा भाग दिसतच नाही. खिडकीचा उजेड त्याच्यावर पडतो आणि सगळं पांढरं होऊन जातं. मी वर्षानुवर्षं महत्त्वाची सूत्रं डाव्या बाजूला लिहीत आले होते, चौकटीत. माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. किडकिडीत, दोन वेण्या, बाही उसवलेली. दिवसभरात सहा शिक्षक वर्गात येऊन गेले. एकानंही तिला काही विचारलं नाही. रागावलंसुद्धा नाही कुणी. ती माझ्याच गणिताच्या वर्गातली होती आणि तिचं नाव मला तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावरून वाचावं लागलं.

शाळा सुटल्यावर बाई ओट्यावर फुटाणे खात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"मंग? चिडली का?"

"हो."

"कोणावर?"

"स्वतःवरच."

"ते बेकार हाय. तू स्वतःवर चिडल्यानं तिले फळा दिसन का? काय करशीन ते सांग."

मी म्हटलं, उद्याच सूचना काढते, सगळ्यांनी बाकांची जागा बदलायची. बाईंनी फुटाण्याचा कागद चुरगळला. "सूचना! काढ. अन् लाव भिंतीले. अवं, हुकूम नको देऊ. एकेकाले त्या बाकावर नेऊन बसव, अन् बाजूले तू बस. त्याले त्याच्या डोळ्यानं दिसू दे."

तेच केलं. सोपं नव्हतं. एक जण म्हणाला, "मॅडम, आम्ही काय आता सातवी नापास का?" मराठीच्या मॅडम तर माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. पण मी एकेकाबरोबर बसत गेले. दिवाळी झाली, थंडी आली, आणि संक्रांतीपर्यंत सरांखेरीज शाळेतला प्रत्येक शिक्षक त्या बाकावर एक दिवस बसून आला होता. बाकं दर आठवड्याला सरकू लागली. मराठीच्या मॅडमच त्या मुलीला रोज उभं करून वाचायला लावू लागल्या. मुख्याध्यापक होणं म्हणजे काय, हे मला त्या काळात थोडंफार उमगू लागलं.

फॉर्ममधून हे वर कळलं आणि याच कामामुळे आमची शाळा 'आदर्श' म्हणून निवडली गेली. मार्चमध्ये पाहणी ठरली. कार्यालयातले मोठे साहेब, संस्थेचे लोक, फोटोवाले. आठवडाभर रंग देणं चाललं. मागच्या संडासाला नव्या टाइल्स बसल्या. पाहणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता सरांनी त्या संडासाला कुलूप लावलं. घाण व्हायला नको, पाहुण्यांमध्ये बायका आहेत, म्हणून. मी ते कुलूप लावताना पाहिलं. आणि काही बोलले नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर सगळा दोष सरांवर ढकलून मोकळं व्हायची मला फार इच्छा झाली होती.

स्वागताला लेझीमच्या तीस मुली नऊवारी नेसून नऊ वाजल्यापासून उन्हात उभ्या होत्या. नागपूरचा मार्च. पाहुणे दहाला यायचे होते. साडेअकरा झाले तरी गाड्यांचा पत्ता नव्हता. मी हातात माईक घेऊन निवेदनाचा कागद पाठ करत होते. तेवढ्यात ती शेवटच्या बाकावरची मुलगी रांगेतून बाहेर आली. माझ्यासमोरून गेली, पण माझ्याकडे वळली नाही. खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलली. पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या बाईंना तिनं सांगितलं. रोज समोर असणाऱ्या मला नाही.

बाई उठल्या. "किल्ली द्या, साहेब."

सर हात जोडून म्हणाले, "बाई, साहेब दहा मिनिटांत पोहोचून राहिले. कार्यक्रम आटोपला की लगेच उघडतो. मुलींना जरा कळ काढायला सांगा."

"तुमी सकाळपासून जाऊन आले का नाही?"

शिक्षकांचा संडास उघडा होता.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग. तू होऊन राहिली ना हेडमास्तरीण? काय करायचं?"

मी कसंबसं म्हटलं, "बाई, दहाच मिनिटं म्हणतात सर..."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून पेचकस काढला, मागे गेल्या आणि कुलूप तसंच ठेवून दाराचा कोयंडा स्क्रूसकट काढला. तीस मुली नऊवारी सावरत तिकडे धावल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. नेमक्या तेव्हाच फाटकातून गाड्या आत आल्या. स्वागताला कुणीच नव्हतं. लेझीम जमिनीवर पडलेल्या. साहेब उतरले, इकडेतिकडे पाहू लागले. बाई पेचकस हातात घेऊनच समोर गेल्या.

"या साहेब, बसा. पोरी मुतायले गेल्या हायेत. येतीन आता."

फोटोवाला फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. पाहुण्यांमधल्या एक अधिकारी बाई मात्र काही न बोलता मागे गेल्या आणि मुलींच्या रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला बरी वाटलेली ती एवढीच गोष्ट. लेझीम झाली, साहेबांचं भाषण झालं. भाषण शिस्तीवर होतं.

चार दिवसांनी मला कार्यालयात बोलावलं. कार्यक्रमाचा समन्वयक तरुण होता, फार गोड बोलायचा. त्यानं चहा मागवला आणि टाइप केलेला कागद पुढे केला. 'मार्गदर्शकांनी शालेय मालमत्तेची तोडफोड केली, कार्यक्रमाच्या उद्दिष्टांशी विसंगत वर्तन केले व मला योग्य मार्गदर्शन मिळाले नाही.' चार स्क्रू काढले, ती तोडफोड! मला योग्य मार्गदर्शन मिळालं नाही!

"फक्त औपचारिकता आहे, मॅडम," तो म्हणाला. "आणि तुमच्या पदोन्नतीचं प्रकरण साहेबांच्याच टेबलवर आहे ना सध्या?"

मी सही केली. चहासुद्धा पूर्ण प्यायले.

दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेले. बाई अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटवत होत्या. यादीतून काढल्याचं पत्र आलेलं होतं, ते खाटेच्या पायाखाली डुगडुग थांबवायला घडी करून ठेवलं होतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि रडू लागले.

"माफी मागायले आली का?"

मी मान हलवली.

"माह्यापाशी कायले आली मंग? माह्यं काय गेलं? यादीत होती, आता नाही. मिरच्या तर वाळूनच राहिल्या." त्यांनी हात झटकले. आता त्यांचा आवाज चढला. "त्या तीस पोरीयनं काय पाह्यलं ते सांग! दार उघडणाऱ्या बाईले हाकलून देते, अन् कुलूप लावणारा तिथंच खुर्चीवर रायते. हे शिकवलं आपण त्यायले. तू त्यायले काय सांगितलं?"

"काहीच नाही."

"मंग तिकडं जाऊन रड."

पाणीही विचारलं नाही. मी परत आले.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी माईक घेतला. मुलांना सांगितलं की बाईंनी दार उघडलं ते बरोबर केलं. कुलूप लावताना मी पाहिलं होतं आणि गप्प बसले, ते चूक. नंतर बाईंच्या विरोधात एका खोट्या कागदावर मी सही केली, ते त्याहून मोठं चूक. सर अर्ध्यातच मैदानातून निघून गेले. मग पाचवीतल्या एका मुलीनं हात वर केला.

"मग तुम्ही काहून सही केली, मॅडम?"

"घाबरले होते."

तिनं हात खाली घेतला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तेच योग्य होतं.

त्याच दुपारी सही मागे घेत असल्याचं पत्र घेऊन मी कार्यालयात गेले. आवक विभागातला बाबू म्हणाला, असं पत्र घेता येत नाही. मी त्याच्यासमोर बाकावर बसून राहिले. तो जेवून आला, मी तिथंच. चार वाजता वैतागून त्यानं शिक्का मारला. परिणाम व्हायचा तो झाला. माझ्या मागच्या दोघांना मुख्याध्यापकपद मिळालं. माझी फाइल दीड वर्षं हलली नाही. शेवटी हलली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेसाठी. मी गेले. बाईंचं नाव यादीत परत आलं नाही. कुणी त्यांना साधा फोनसुद्धा केला नाही, की तुमच्यावर अन्याय झाला.

आणि आता या वर्षीची गोष्ट. कार्यक्रमाची नवी फेरी निघाली. मार्गदर्शक कमी पडत होते म्हणून की काय, चक्क मलाच मार्गदर्शक म्हणून बोलावलं. पुन्हा सदर, पुन्हा तसाच थंडगार हॉल. तो गोड बोलणारा समन्वयक आता मोठ्या पदावर आहे. पडद्यावर त्यानं एक चित्र दाखवलं. रिकामा वर्ग, शेवटचा बाक. खाली लिहिलेलं, 'एक दिवस शेवटच्या बाकावर: आमच्या टीमने विकसित केलेला अभिनव उपक्रम'.

माझी कानशिलं तापली. मी उभी राहिले.

"हा उपक्रम कुणी विकसित केला?"

"आमच्या टीमनं, मॅडम. प्रश्न शेवटी घेऊ या आपण."

"आत्ताच घ्या. मला त्या बाकावर ज्यांनी बसवलं त्या तुमच्या टीममध्ये नव्हत्या. तुम्ही त्यांना हाकललं होतं. माझ्याकडून खोटं लिहून घेऊन हाकललं."

"मॅडम, बसा प्लीज. विषयाला धरून बोला."

"विषयच बोलून राहिले मी."

आणि मी कुलपापासून सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. पंख्याचासुद्धा आवाज नसलेल्या त्या हॉलमध्ये साठ मास्तर-मास्तरणी ऐकत होते. समन्वयकानं पडदा बंद केला आणि चहाची सुटी जाहीर केली. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक शिक्षिका जागची न उठता म्हणाली, "चहा राहू द्या, सर. त्या बाईंचं नाव काय, ते सांगा आम्हाला." मी सांगितलं. बऱ्याच जणांनी वह्यांत लिहून घेतलं. समन्वयक मोबाईल कानाला लावून बाहेर गेला.

त्यानं काय होणार, मला माहीत नाही. कदाचित माझंही नाव यादीतून जाईल. माझं वय अजून झालेलं नाही, तेव्हा दुसरं काहीतरी कारण शोधावं लागेल त्यांना.

जिन्यात येऊन मी बाईंना फोन लावला. आता त्यांना कमी ऐकू येतं. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. येणारे-जाणारे बघत होते.

"बस म्हणे तरी बसली नाही ना?"

"नाही बसले, बाई."

"बरं केलं." मग लगेच नेहमीचा खेकसणारा आवाज. "अन् अजून सदरमधीच काय करून राहिली वं? मधल्या सुट्टीचा टाइम झाला. जा शाळेत."